सोडल्यानंतरचा घाम

३ फेब्रुवारी

मशीन आलं. चालायचं मशीन. हमालांनी जिन्यावरून वर चढवलं, भिंतीचा रंग खरवडला, आणि श्रेयांसनं ते बरोबर हॉललगतच्या गॅलरीत ठेवायला लावलं — येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. माझ्या खोलीत जागा आहे. तसं म्हटलं तर म्हणाला, डोळ्यासमोर असलेलं बरं. मशीन का बायको, ते नाही सांगितलं.

सासूबाईंनी मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुकानात नवा वजनकाटा आला की काढतात तसं. मंग मला वर चढायला लावलं. सगळे बघायला उभे. हमालसुद्धा पाणी पीत थांबलेले. पट्टा सरकायला लागला आणि मी दांडी धरून तुरुतुरु चालले. शी! दरवेशाच्या अस्वलासारखी.

शेजारच्या काकू डोकावल्या तर सासूबाईंनी सांगून टाकलं — थायरॉईड आहे ना, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

थायरॉईड! दिवाळीनंतर मी संभाजीनगरच्या दवाखान्यात होते तेही थायरॉईडसाठी. या घरात दारू हा शब्दच नाही. सासूबाई 'ती वस्तू' म्हणतात. सूर्य मावळल्यावर ज्या घरात कोणी घास तोंडात घालत नाही, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घरातली सून वर्षानुवर्षं ती वस्तू पीत होती, हे जालन्यात कळलं तर मोंढ्यातलं बियाण्याचं दुकान, समाजातली बैठक, पुढं माझ्या पोरीचं, पलकचं लग्न — सगळं खलास. म्हणून थायरॉईड. काही बायका माझ्या गळ्याकडं बघतात, टाका कुठं आहे म्हणून.

घरात सगळे मारवाडी बोलतात. मीही बोलते. पण चिडले की मराठीतच चिडते. माहेर मंठ्याचं, शाळा मराठी. म्हणून हे मराठीत लिहून राह्यले.

५ फेब्रुवारी

सकाळी चढले. पहिल्यांदा बरं वाटलं. मंग छाती धडधडायला लागली. चालल्यावर धडधडणारच, एवढं मला कळतं. छातीला कळत नाही. तिला वाटतं काहीतरी भयंकर होणार आहे. ओठ बधिर झाले, हाताचे पंजे गार, गॅलरीची जाळी माझ्याकडं कलल्यासारखी दिसली. आता मरते. इथंच, कुंकवाच्या स्वस्तिकावर. लाल बटण दाबलं आणि खाली बसले.

दुर्गाबाई फरशी पुसून राह्यली होती. बारा वर्षं कामाला आहे, सगळं बघितलंय तिनं. माझा पाय उचलून बाजूला ठेवला, खालची फरशी पुसली, आणि विचारलं, 'भाभी, लिंबूपानी देऊ का?' मी नको म्हटलं.

घाम आला होता. आणि घामाचा वास — तोच! पिण्याच्या दिवसांतला, सकाळी उठल्यावर गादीला यायचा तो. आंबलेला, लोखंडासारखा. मला वाटलं होतं ती वस्तू गेली की वासही जाईल. दोनदा आंघोळ केली. बगलेत नाक घालून बघितलं, कुत्रीसारखं. आहे अजून.

७ फेब्रुवारी

आज नाही चढले. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. खोटं बोलायची सवय तेवढी शाबूत आहे.

१२ फेब्रुवारी

श्रेयांस दुकानातून आला की हल्ली आधी माझ्याजवळ येतो. केसांवरून हात फिरवतो, थकलीस का विचारतो, आणि तोंड अगदी तोंडाशी आणतो. मला वाटलं, माणसाला प्रेम आलंय. इतक्या वर्षांनी! लाज पण वाटली थोडी, बरं पण वाटलं.

आज त्याच्या नाकपुड्या हललेल्या दिसल्या. वास घेऊन राह्यला! दूध नासलंय का बघतात तसा.

मी जोरात श्वास सोडला त्याच्या तोंडावर. घे, पोटभर घे. दचकून मागं सरकला, आणि मंग जेवायला काय आहे विचारलं.

१८ फेब्रुवारी

संभाजीनगरला डॉक्टरांकडं. चांगले आहेत, हळू बोलतात, त्याचाच राग येतो. म्हणाले, सोडल्यावर काही महिने अशी भीती वाटत राहते, शरीराला सावरायला वेळ लागतो. पळताना होणारी धडधड आणि घाबरल्यावरची धडधड सारखीच. तुम्हाला फरक कळत नाही म्हणून तुम्ही घाबरता. व्यायाम सोडू नका. हळूहळू कळेल. तिच्याशी मैत्री करा म्हणाले.

मैत्री! मान हलवली. मनात म्हटलं, तुम्हीच न्या घरी.

येताना बदनापूरला श्रेयांसनं चहाला गाडी थांबवली. शेजारी दारूचं दुकान, बाहेर रांग. मी तिकडं बघत नाहीये ना, हे तो बघत होता. आणि तो बघतोय हे मी बघत होते. असा चहा झाला.

२५ फेब्रुवारी

गोड खायला लागतं. दिवसभर. आज मोहनथाळचा डबा घेऊन बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि गिझरखाली बसून संपवला. पूर्वी बाटली तिथंच, बादलीच्या मागं असायची. खाता खाता कळलं की मी तसंच खाऊन राह्यले — घाईनं, चव न घेता, कान दाराकडं लावून. वस्तू बदलली, बाई तीच.

बोटं चिकट. आरशात ओठांवर तूप. ओकारी आली पण ओकले नाही. ओकले असते तर परत भूक लागली असती.

२ मार्च

पलक आठवीच्या परीक्षेचा अभ्यास करून राह्यली आहे. माझ्याशी बोलते ते एवढंच — हं, नको, ठेव. शाळेतून आली की दार लावून घेते. शिकवणीला जाते ती दिवस मावळायच्या आत जेवायला परत. मी ताट वाढून बसते, ती बाबांशी बोलत जेवते. मला विचारायचं काही असलं तर दुर्गाबाईमार्फत विचारते.

मी दिवाळीत पडले, तेव्हा तिनंच बापाला फोन केल्ता. तेव्हा तिला सगळं कळलं. त्याआधी लहान होती, काही समजत नव्हतं. एवढंच माझं समाधान.

आज तिच्या खोलीसमोरून जाताना बघितलं — माझी पावलं ऐकून तिनं पंख्याचं बटण वाढवलं. आवाज झाकायला. माझ्या पावलांचा.

३ मार्च

मशीनवर साड्या वाळत घातल्या. कोणी काही म्हणालं नाही. काढून परत चढले. परत तेच. उतरले.

१४ मार्च

धुळवड. श्रेयांस व्यापारी मित्रांबरोबर कोणाच्या तरी शेतावर गेल्ता. दुपारी आला. कपाळावर गुलाल, तोंडात इलायची.

इलायची! मला शिकवतो! किलोनं चावली मी.

सवयीनं जवळ आला, माझा वास घ्यायला. त्याचाच मला आला. विचारलं तर लपवलं नाही. शांतपणे म्हणाला, 'माझं वेगळं आहे. मला धंद्यासाठी घ्यावी लागते. आणि मला थांबता येतं.'

हे खरं आहे. त्याला थांबता येतं. एक घेतो, अर्धी टाकून उठतो, मी बघितलंय गोव्याला. कंपनीनं दुकानदारांना सहलीला नेलं होतं, तिथंच मीही पहिल्यांदा घेतली. सगळ्या हसत होत्या, घ्या भाभी, ज्यूसच आहे. कोणी फसवलं नाही मला. कसलं दुःख नव्हतं. मला आवडली! बाकीच्या तिथंच ठेवून आल्या, मी घरी घेऊन आले. दिवाळीला कंपन्यांकडून त्याला भेट यायच्या त्या बाटल्यांपासून सुरू झालं. त्याला वाटायचं हमाल चोरतात.

खरं लिहायचं तर — त्याच्या तोंडाचा वास आला तेव्हा राग नंतर आला. आधी लाळ सुटली. बेसिनपाशी थुंकत उभी राह्यले. रंग खेळून आलेल्या बायका खाली आरोळ्या देऊन राह्यल्या होत्या आणि मी थुंकतेय, थुंकतेय.

मशीनवर नाही चढले.

२४ मार्च

गॅलरीत ऊन सकाळीच येतं आता. डॉक्टर फोनवर म्हणाले, बाहेर पडा, बागेत चाला. म्हणून मोतीबाग. सासूबाई सोबत. त्या बाकावर बसतात, हातात माळ, नजर माझ्यावर. मी तलावाच्या कडेनं चकरा मारते. गुरं राखतात तसं राखतात.

समाजातल्या बायकांचा घोळका असतो. एकीनं धन्याचं पाणी सांगितलं, दुसरीनं मानेला तेल. 'थायरॉईड में गोभी मत खाना भाभी.' सगळ्यांच्या अंगाला एकच अत्तर, त्याखाली घाम. माझ्याही अंगाला असेल. सगळ्यांना हसून हो म्हटलं. गाल दुखायला लागले हसून.

तिथं प्रिया भेटली. मंठ्याच्या शाळेत माझ्या बाकावर असायची. आता बदनापूरला शिक्षिका आहे, जालन्याहून रोज रेल्वेनं जाते. पळून राह्यली होती, मला बघून थांबली. दोन मिनिटं इकडचं तिकडचं. मंग माझ्या हाताकडं बघितलं — थरथरतात अजून — आणि हळू विचारलं, 'थायरॉईड न्हाई ना?'

मी हात पदराखाली घेतले. ती म्हणाली, तिचा भाऊ सूरज असाच झाला होता. घरच्यांनी त्याला इज्जतीपायी आत ठेवला. पाहुण्यांना सांगायचे, पुण्याला नोकरीला आहे. तो आतल्या खोलीतच होता. तिथंच गेला. हे सांगताना तिनं आवाज पाडला नाही. बायका वळून बघायला लागल्या तरी.

'रोज येत जा,' म्हणाली. 'मी असते.' आणि पळत गेली.

सासूबाईंनी रिक्षात विचारलं, कोण होती ती. सांगितलं. आडनाव काय म्हणाल्या. तेही सांगितलं. घराशी उतरताना म्हणाल्या, उद्यापासून पलीकडच्या बाजूनं चालत जा.

ज्या घरात मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालतात! शी. शी. शी.

३० मार्च

पाडवा. पलीकडच्या बाजूनं नाही चालले. प्रियासोबत चालले. सासूबाईंची माळ थांबली होती, मी बघितलं.

प्रिया फार बोलत नाही. मी थांबले की थांबते. धडधड सुरू झाली, तिचं मनगट धरलं मी, नखं रुतली असतील. ती म्हणाली, उभी राहा, मी कुठं जात न्हाई. धडधड गेली थोड्या वेळानं. पण उद्या परत येणार, हे मला माहीत आहे. कंटाळा आला या शरीराचा. कोणाला तरी देऊन टाकावं.

४ एप्रिल

पलकला होस्टेलला पाठवून राह्यले आहेत. राजस्थानात, मामेसासऱ्यांच्या गावाजवळ. जूनमध्ये. मला कोणी सांगितलं नाही. सासूबाई फोनवर मोठ्यानं बोलतात म्हणून कळलं — पोरीचं वातावरण बदलायला पाहिजे.

वातावरण म्हणजे मी.

श्रेयांसला विचारलं. मी पीत नाही आता, मंग का? म्हणाला, आज नाही पीत. म्हटलं, पलकला विचारलं का? म्हणाला, 'तीच हो म्हणाली. लगेच म्हणाली.'

लगेच.

१० एप्रिल

महावीर जयंती. आधी लिहायचंच नव्हतं.

मिरवणुकीत जावंच लागणार होतं. केशरी साडी, डोक्यावर पदर, बायकांच्या रांगेत. सासूबाई पुढं, मी मधे, पलक मैत्रिणींबरोबर मागं. ऊन रणरणतं. मिरवणूक बाजारपेठेत शिरेपर्यंत ठीक होतं. मंग बँडवाल्यांनी चौकात ढोल धरला. त्याचा ठोका छातीत बसायला लागला. ढोल कोणता आणि माझी छाती कोणती, कळेना. पंजे गार. ओठ गेले. पुढच्या बाईची पाठ लांब लांब जायला लागली. मी एका हातगाडीची कड धरली आणि रस्त्यातच बसले.

भोवती कडं झालं. पाणी आणा, वारा घाला. वाकल्या सगळ्या माझ्यावर. आणि मला दिसलं — ओळखीचं होतं म्हणून दिसलं — नाकपुड्या हलत होत्या. तिघी-चौघींच्या. वास घेऊन राह्यल्या होत्या!

एक दुसरीला हळूच म्हणाली, 'सुबह सुबह ही?'

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. आधीपासून. गोभी मत खाना भाभी. धन्याचं पाणी. गळ्यावरचा टाका. सगळ्या मिळून नाटक करत होत्या. आणि मी हसून गाल दुखवून घेत होते.

उठले. पदर सुटला होता. गल्लीगल्लीतून घरी आले, चालत नाही, पळत. पलक मागं होती का, तिनं बघितलं का, वळून बघायची हिंमत नव्हती.

११ एप्रिल

दुर्गाबाईला विचारलं, लोकांना कधीपासून माहीत आहे. भांडी घासता घासता म्हणाली, 'भाभी, कचऱ्यात बाटल्या जायच्या. कचरागाडीवाल्याला पन माहीत व्हतं.'

सासूबाईंनी श्रेयांसला काय सांगितलं कोण जाणे. तो आला आणि हॉलमध्ये, आईसमोर म्हणाला, 'तोंड उघड.'

उघडलं. आ केला, पोलिओचा डोस घेतात तसा. त्यानं वास घेतला. काही नव्हता. त्याला खरं वाटलं नाही, परत घेतला.

मंग मी ओरडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, मी प्यायले नव्हते! ही दारू नाही, ही भीती आहे. छाती फुटल्यासारखी धडधडते, हात गार पडतात, ओठ मरतात, वाटतं आता दारामागं काहीतरी आहे आणि ते मला खाणार. रोज होतं. दिवसातून दोनदा होतं. डॉक्टर म्हणतात पळा, मी पळते, तरी होतं. आणि तुम्ही सगळे माझा वास घेता!

पलक तिच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं. तोंड पांढरंफटक. मी तिच्याकडं बघितल्यावर दार लावून घेतलं.

श्रेयांस म्हणाला, होस्टेलचं पक्कं केलंय, आता त्यात बदल नाही.

१३ एप्रिल

त्याचे इस्त्रीचे कपडे ठेवायला कपाट उघडलं. सफारीच्या मागं बाटली. अर्धी.

दुसऱ्या कोणाच्या कपाटात असती तर काही वाटलं नसतं. याच्या! तोंड उघड म्हणणाऱ्याच्या!

झाकण उघडलं. लिहितेच खरं. उघडलं आणि नाकाशी धरलं. एका घोटात ही भीती जाईल, हे मला माहीत आहे. डॉक्टरांना माहीत नाही इतकं मला माहीत आहे. तोंडाला लावणार होते. काचेला लागून कोणाच्या तरी उष्ट्या ओठाचा डाग होता, वाळलेला. त्याचाच असेल. झाकण परत लावलं. डागामुळं राह्यले, दुसरं काही नाही. शहाणपण वगैरे बिलकुल नाही.

बाटली नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवली. सासूबाई सामायिकाचं ध्यान करून उठल्या होत्या. बघितली. माझ्याकडं बघितलं. विचारलं, श्रेयांसच्या कपाटातली का. हो म्हटलं.

मला वाटलं आता वीज पडेल. या घरात, या टेबलावर, ती वस्तू!

त्यांनी बाटली उचलली. पदरानं पुसली. कपाटात होती तिथं, सफारीच्या मागं, नीट उभी करून ठेवली. कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. म्हणाल्या, 'मर्दाला दहा जणांत बसावं लागतं.' आणि बेसिनवर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले.

मी तिथंच उभी. माझ्या बाटल्या सापडल्या होत्या तेव्हा माझे कपडे बाहेर फेकले होते यांनी. त्याची पुसून ठेवली.

रडू नाही आलं. किळस आली. पण पहिल्यांदा ती माझी मला नव्हती.

१६ एप्रिल

मोतीबागेत एकटी गेले. सासूबाई चप्पल घालायला लागल्या तर म्हटलं, तुम्ही बसा. बसल्या! नुसतं सांगायचं होतं इतके दिवस.

प्रिया होती. तिला म्हटलं, आज पळू. तिनं कारण विचारलं नाही.

पळाले. रागानं पळाले. अंगावरचं सगळं हलत होतं — पोट, दंड, गाल — हलू दे. बायकांचा घोळका ओलांडून गेले, अत्तराचा भपकारा आला आणि मागं पडला. धडधड सुरू झाली. पंजे गार. ओठ गेले. आली! म्हटलं, ये. मारायचं असेल तर मार इथंच, सगळ्यांसमोर, मंग वास घ्या म्हणावं मेलेलीचा.

थांबले नाही. तलावाच्या कोपऱ्यावर कुंपणाशी ओकले. पिवळं पाणी. प्रियानं पाठीवर हात ठेवला. ओकता ओकताच मला कळलं की धडधड उतरून राह्यली आहे. मी काही केलं नव्हतं. गोळी नाही, घोट नाही, नवकार मंत्राचा जप नाही. आली होती, उतरली.

मैत्री वगैरे नाही. आगाऊ पाहुणा आहे तो. येतो, बसतो, जातो. त्याला चहा पाजायची गरज नाही, एवढंच.

घाम आला. वास तोच. असू दे.

१९ एप्रिल

परत आली धडधड. स्वयंपाकघरात, भेंडी चिरताना. विळी बाजूला ठेवली, बसून राह्यले, उतरली. भेंडी चिरली.

२१ एप्रिल

दुपारी मशीनवर होते. पलक शाळेतून आली आणि खोलीत न जाता गॅलरीच्या दारात उभी राह्यली. दप्तर पाठीवर तसंच. म्हटलं काही पाहिजे का? मान हलवली. पट्ट्याकडं बघत होती.

मंग म्हणाली, 'मम्मी, ती जाते का खरंच? पळून?'

कोणती, विचारलं.

'तू त्या दिवशी बाबांना सांगितलीस ती. हात गार होतात ती. मला होते. शाळेतून आल्यावर, बेल दाबायच्या आधी. तू कशी असशील म्हणून.'

मी मशीन बंद केलं. कधीपासून, विचारलं.

'तिसरीपासून.' मंग म्हणाली, 'होस्टेलला बेल नसते ना.'

खोटं चांगलं जमतं मला, पण नाही सांगितलं. म्हटलं, जात नाही. येते, पण उतरते. पळताना कळतं ते. चल खाली, दाखवते.

शाळेच्या बुटात कसं पळणार, म्हणून माझे काढून दिले. तिच्या पायात शिरले नाहीत. पोरीचा पाय माझ्यापेक्षा मोठा झालाय.

दोघी अनवाणीच गेलो.